पिशवी आधी, फ्रीझर नंतर: कीड लागलेल्या संग्रहालयीन वस्तूंवर रसायनाविना उपचार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका छोट्या संग्रहालयाच्या कोठीत कोरीव लाकडी पेटी आहे आणि तिच्याखाली पिठासारखा भुगा पडलाय. पेटीतल्या लोकरी वस्त्रांना भोकं पडलीत, घड्यांमध्ये केसाळ अळ्यांच्या काती सापडल्यात. त्याच पेटीत पिसांचं एक शिरोभूषण आणि रंगवलेला लाकडी मुखवटाही होता. फवारणी तुम्हाला नको आहे. मग डीप फ्रीझर चालेल का, नायट्रोजन लागेल का, आणि किती दिवस?

फवारणीला नाही म्हणालात ते योग्यच केलंत. लाकूड पोखरणारी अळी आत खोलवर असते आणि फवारा बसतो वरच्या रंगावर. त्रास वस्तूला होतो, अळी सुखरूप राहते. शिवाय ते द्रव्य वस्तूवरून जात नाही. पूर्वी प्राण्यांच्या कातड्यांना आर्सेनिक, वनस्पतींच्या नमुन्यांना पाऱ्याचे क्षार आणि पुढे डीडीटी सर्रास लावत. त्यांतल्या कितीतरी वस्तू आजही हातमोज्यांशिवाय हाताळता येत नाहीत. धुरीसाठी वर्षानुवर्षं वापरलेला मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार बाद होत गेला. आमच्या कामात त्याचा आणखी एक दोष होता. लोकर, पिसं, कातडं यांतल्या गंधकाशी त्याची क्रिया होई आणि जाता न जाणारी दुर्गंधी मागे राही. डांबराच्या गोळ्यासुद्धा रसायनच. त्यांची वाफ थंड जागी पुन्हा स्फटिक होऊन वस्तूवरच बसते. म्हणून तुमच्या मुखवट्यावर किंवा वस्त्रांवर पूर्वी काही मारलेलं आहे का हे जुन्या नोंदींत आधी पाहा. नोंद सापडली नाही तर मारलेलं आहे असंच धरून हातमोजे आणि मास्क घाला.

आता आजच्या आज करायचं काम. प्रत्येक वस्तू वेगळ्या, पारदर्शक पॉलिथिनच्या पिशवीत बंद करा. फ्रीझर की नायट्रोजन हे नंतर ठरवता येईल, त्याला आठवडा लागला तरी चालेल. पिशवीला मात्र उद्यापर्यंत थांबवू नका. मी या कामात जितकी वर्षं घालवली त्यात पिशवीइतकं उपयोगी साधन दुसरं पाहिलं नाही. ती कीड शेजारच्या वस्तूंकडे जाऊ देत नाही, कीड जिवंत आहे का ते दाखवते, थंडीत आणि उष्णतेत वस्तूतला ओलावा जागच्या जागी ठेवते, आणि उपचारानंतर नवी कीड आत येऊ देत नाही. यंत्र कितीही महाग असलं तरी पिशवी चुकली की उपचार चुकतो. वस्तू आधी आम्लमुक्त टिश्यू पेपरमध्ये किंवा धुतलेल्या सुती कापडात सैलसर गुंडाळा, मग पिशवीत घाला, जमेल तितकी हवा हलक्या हाताने काढा आणि तोंड उष्णतेने किंवा चांगल्या टेपने पूर्ण बंद करा. वस्तू काय, कुठून उचलली आणि तारीख, एवढं लिहिलेली चिठ्ठी बाहेरून लावा. पेटी पिशवीत मावणार नाही. तिच्यासाठी पॉलिथिनचे दोन मोठे तुकडे जोडून पिशवी करावी लागेल.

आता भुग्याकडे वळू. तुमच्या वर्णनावरून तिथे एक नव्हे, दोन वेगळ्या किडी आहेत. केसाळ काती म्हणजे गालिचा-भुंगेऱ्याच्या अळ्यांचं काम. त्यांना लोकर, पिसं, केस, शिंग, कातडं असे प्राण्यांपासून आलेले पदार्थ लागतात, लाकडात त्यांना रस नाही. भुगा करणारी कीड निराळी. तो भुगा चिमटीत घेऊन बोटांत चोळून पाहा. टाल्कम पावडरसारखा अगदी मऊ लागला तर लिक्टस जातीचे भुंगेरे. किंचित खरखरीत लागला आणि भिंगाखाली दोन्ही टोकांना निमुळते, लिंबासारखे कण दिसले तर फर्निचर-भुंगेरा. चुरा नसून मातीचे थर किंवा नळ्या असतील तर वाळवी, आणि मग प्रश्न पेटीचा राहत नाही, इमारतीचा होतो. नुसती वस्तू थंड करून वाळवी जात नाही, कारण तिचं घर दुसरीकडे असतं.

तुम्ही ‘पिठासारखा’ लिहिलंत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. लिक्टसची अळी लाकडातल्या स्टार्चवर जगते आणि रुंद पानांच्या झाडांच्या बाहेरच्या, कोवळ्या लाकडातच राहते. लाकूड जुनं होत जातं तसा हा स्टार्च संपतो. त्यामुळे शंभर वर्षांच्या पेटीत जिवंत लिक्टस सहसा सापडत नाही. तरीही ताजा भुगा पडत असेल तर मागे कुणीतरी दुरुस्तीत बसवलेली नवी पट्टी, नवा तळ, नवे पाय शोधा. बहुतेक वेळा कीड तिथे निघते.

की भुगा जुनाच आहे? हे तपासल्याशिवाय उपचार करू नका. पेटी हलवली, आपटली, जवळून जड गाडी गेली, तरी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बोगद्यांतला भुगा बाहेर सांडतो आणि सगळे घाबरतात. ताज्या छिद्राच्या कडा धारदार असतात, आतलं लाकूड उजळ दिसतं. जुन्या छिद्रात धूळ, मेण, पॉलिश गेलेलं असतं. खात्री करायची तर पेटी मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने स्वच्छ करा, खाली काळा कागद अंथरा, पेटीला अजिबात हात लावू नका आणि रोज ठरलेल्या वेळी कागदाचा फोटो काढा. छोटा, शंकूसारखा नवा ढीग वर छिद्र असलेल्या जागेखालीच उठला तर अळी जिवंत आहे. मात्र काही दिवस काहीच पडलं नाही म्हणून ती नाही असं समजू नका. फर्निचर-भुंगेऱ्याची अळी थंड हवेत लाकडात तीन ते पाच वर्षंही काढते आणि मधे महिनोन्महिने भुगा बाहेर टाकत नाही. वस्त्रांचं सोपं आहे. पिशवी उबदार खोलीत आठवडाभर ठेवा आणि तळाशी पाहा. काती आपोआप हलत नाहीत, काही हललं तर अळी जिवंत आहे.

वस्त्रं आणि पिसं यांना थंडी हाच माझा पहिला पर्याय. १९७७ साली येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकांत भुंगेरे निघाले तेव्हा पुस्तकं पिशव्यांत बंद करून सुमारे उणे २९ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवण्यात आली. तेव्हापासून ही पद्धत जगभर रुळली. आज आम्ही दोनच आकडे पाळतो: उणे ३० अंशांना ७२ तास, किंवा उणे १८ ते २० अंशांना पूर्ण दोन आठवडे. घरगुती डीप फ्रीझर दुसऱ्या प्रकारात मोडतो, म्हणजे चालतो. फ्रिजच्या वरचा छोटा कप्पा चालत नाही. त्यात किती थंडी टिकते हे कुणालाच माहीत नसतं आणि दार दिवसातून वीसदा उघडतं.

आकडे सोपे आहेत, पण ते फ्रीझरचे नाहीत, वस्तूच्या गाभ्याचे आहेत. मी नवीन असताना एक गुंडाळलेला गालिचा फ्रीझरमध्ये ठेवला होता. रोल चांगला मांडीएवढा जाड. काटा उणे २० दाखवत होता, म्हणून मी त्याच क्षणापासून दिवस मोजायला लागले. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता तापमान मोजणारा तारेचा प्रोब आणला आणि रोलच्या मध्यात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाचन घेतलं तेव्हा आतलं तापमान अजून शून्याच्या वर होतं. लोकर ही मुळात ऊब धरण्यासाठीच बनलेली. वीस तास त्या गालिच्याच्या पोटात अळ्या मजेत गारव्यात बसल्या होत्या. त्या दिवसापासून मी प्रोबशिवाय जाड वस्तू फ्रीझरमध्ये ठेवलेली नाही. वस्तूला भोक पाडायचं नसेल तर तितक्याच जाडीची जुन्या कापडाची घडी किंवा लाकडाचा ठोकळा तशाच पिशवीत बंद करून शेजारी ठेवा आणि प्रोब त्यात घाला. दिवस मोजायचे ते प्रोबने उणे १८ दाखवल्यापासून.

त्या संथपणात आणखी एक धोका असतो. कीटक हळूहळू थंड झाला तर तयारी करतो. अंगात ग्लिसरॉलसारखी द्रव्यं साठवतो, आतडं रिकामं करतो, आणि मग एरवी जी थंडी त्याला मारली असती ती तो सोसतो. म्हणून वस्तू आधी थंड खोलीत, मग फ्रिजमध्ये, मग फ्रीझरमध्ये असं टप्प्याटप्प्याने नेणं ही सर्वात मोठी चूक. वस्तू काळजीने न्यायची म्हणून लोक ती करतात. उलट करायचं: वस्तू नेहमीच्या खोलीच्या तापमानात असू द्या, फ्रीझर आदल्या दिवसापासून पूर्ण थंड करून ठेवा, आणि थेट आत घाला. एका वेळी थोड्याच पिशव्या, मधे हवा खेळेल इतकी जागा सोडून. ठासून भरलेला फ्रीझर दोन दिवस झगडतो आणि तेवढ्यात किडीची तयारी होऊन जाते. वस्त्रं शक्य तितकी पसरून, पातळ थरांत ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारे फ्रीझर मधूनमधून स्वतःला तापवतात. दुसरा उपलब्ध असेल तर तो निवडा.

मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न: एवढ्या थंडीत लाकूड तडकणार नाही का, कापड ओलं होणार नाही का? हिशोब करून दाखवते. २५ अंशांना आणि ५० टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत साधारण साडेअकरा ग्रॅम पाण्याची वाफ असते. तुमच्या पिशवीत वस्तूभोवती ५० लिटर हवा उरली असेल तर तिच्यात पाणी किती? अर्धा ग्रॅम आणि थोडंसं. त्याच आर्द्रतेला दहा किलो लाकडात मात्र पाऊण किलोहून जास्त पाणी मुरलेलं असतं. हवा गार झाली की तो अर्धा ग्रॅम लाकूड, कापड, टिश्यू पेपर यांत सहज सामावतो आणि त्यांच्या ओलाव्यात मोजता येईल असा फरक पडत नाही. लाकडातलं हे पाणी तंतूंना धरून बसलेलं असतं, मोकळं नसतं, म्हणून ते बर्फ होऊन लाकूड फोडत नाही. हे सगळं पिशवी बंद असेल तोवरच. उघडी वस्तू फ्रीझरमध्ये ठेवली तर ती सुकते, आणि बाहेर काढल्यावर भिजते. ओल आलेली, भिजलेली वस्तू मात्र निराळी. तिच्यात मोकळं पाणी असतं. ती या पद्धतीने फ्रीझरमध्ये घालू नका.

बाहेर काढताना वस्तूला टेकू देऊन दोन्ही हातांनी उचला. त्या थंडीत तंतू, सरस, रंग सगळे कडक आणि ठिसूळ असतात, टेबलावर ठेवतानाचा साधा धक्कासुद्धा पिसाचा काटा मोडतो. मग पिशवी तशीच बंद ठेवून २४ तास थांबा. पाच मिनिटांत पॉलिथिनवर बाहेरून दव धरतं, थेंब एकमेकांत मिसळून ओघळ होतात आणि खालचा कागद भिजतो. बोटाने तो ओघळ पुसून पाहा, खाली आतली बाजू कोरडीठाक दिसेल. हेच पाणी पिशवी उघडली असती तर वस्त्रावर बसलं असतं. पाहुणे आलेत, फोटो हवाय, कुणी कितीही घाई केली तरी उघडायचं नाही.

थंडीत काय नेऊ नये? तैलचित्रं आणि ॲक्रिलिक रंगाची चित्रं, काचेवरची छायाचित्रं, मेणाच्या वस्तू, घाम सुटल्यासारखी चिकट होणारी खराब काच, ताणून बसवलेलं कातडं असलेली वाद्यं, शिंपले किंवा हस्तिदंत जडवलेलं काम. कारण एकच. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळे आकसतात आणि जोड निखळतो. तुमचा मुखवटा याच यादीत येतो. लाकडावर खडूचा थर, त्यावर रंग, वर कदाचित वार्निश. रंग घट्ट बसलेला असेल तर काहीजण गोठवतातही. मी गोठवत नाही. दुसरा सौम्य मार्ग असताना रंगाची परीक्षा का घ्यायची?

तो मार्ग म्हणजे ऑक्सिजन काढून घेणं. नायट्रोजन वापरतात तो हवेची जागा घेऊन ऑक्सिजन घालवण्यासाठीच. कीटक अंगावरच्या बारीक छिद्रांनी श्वास घेतो. एरवी ती छिद्रं तो बहुतांश वेळ मिटून ठेवतो, कारण त्यांतून अंगातलं पाणीही जातं. ऑक्सिजन मिळेना की तो ती उघडी ठेवतो आणि मुख्यतः पाणी जाऊन मरतो. हे समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. खोली गार असेल तर कीटकाचं सगळंच मंदावतं आणि मरण लांबतं. पिशवीतली हवा दमट असेल तर पाणी जात नाही, तेव्हाही लांबतं. म्हणून २५ अंशांच्या आसपास, आर्द्रता ५० ते ५५ टक्के, ऑक्सिजन ०.३ टक्क्याच्या खाली, आणि सलग तीन आठवडे. खोली २० अंशांवर असेल तर मी पाच आठवड्यांच्या खाली येत नाही. गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटच्या प्रयोगांत सर्वांत चिवट ठरली ती सिगारेट-भुंगेऱ्याची अंडी. ०.१ टक्के ऑक्सिजनमध्ये त्यांना मरायला आठ दिवस लागले. जाड लाकडातल्या मोठ्या अळ्या त्याहून टिकतात, लाकडाच्या आतला ऑक्सिजन बाहेर यायलाही वेळ लागतो. तीन आठवड्यांचा आकडा त्यासाठी.

इथे पिशवी पुन्हा महत्त्वाची, पण ही पिशवी वेगळी. थंडीसाठी वापरलेलं साधं पॉलिथिन ऑक्सिजन अडवत नाही, तो पृष्ठभागातून झिरपत आत येत राहतो. नायट्रोजन भरून साधी पिशवी बंद केली तर काही दिवसांत आत पुन्हा श्वास घेण्यासारखी हवा झालेली असते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. अनेक थरांची, ऑक्सिजन रोखणारी फिल्म लागते आणि तिला उष्णतेचा सीलर. नुसती हवा खेचून आवळलेली पिशवीही उपयोगाची नाही. वस्तू चेपते आणि उरलेल्या हवेत किडीला पुरेसा ऑक्सिजन राहतो.

मुखवट्याएवढ्या वस्तूला सिलिंडर आणण्याची गरज नाही. लोहचूर्णाच्या ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या मिळतात, एजलेस हे त्यांतलं नेहमीचं नाव. हिशोब असा: हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे दहा लिटर हवेत साधारण २१०० मिलिलिटर. २००० मिलिलिटर शोषणारी एक पुडी दहा लिटर हवेला जेमतेम पुरते. मुखवटा आणि आधाराचा फोम धरून पिशवीत ४० लिटर हवा असेल तर चार पुड्यांच्या जागी सहा ठेवा, कारण फिल्म थोडीफार झिरपतेच आणि लाकडातही हवा असते. या पुड्या काम करताना गरम होतात आणि ओलावाही सोडतात. त्या वस्तूला टेकू देऊ नका, जाळीच्या खिशात पिशवीच्या भिंतीला लावा. ऑक्सिजन दाखवणारी गोळी आत बाहेरून दिसेल अशी ठेवा. ०.१ टक्क्याच्या खाली ती गुलाबी होते, अर्ध्या टक्क्याच्या वर गेली की निळी. दिवस मोजायचे ते गोळी गुलाबी झाल्यापासून, आणि मधे एकदाही निळी झाली तर मोजणी पहिल्यापासून. ही मोजणी पुन्हा सुरू करणं जिवावर येतं हे मला माहीत आहे. तरी करा.

सील करण्याआधी मुखवट्यावरचा निळा रंग तपासून घ्या. प्रशियन निळा असेल तर ऑक्सिजन नसताना तो फिका पडू शकतो, विशेषतः उजेडात. हवेत परत आल्यावर तो बहुतांशी सावरतो, पण मी तो भरवसा धरून कुणाची वस्तू बंद करत नाही. अंधारात ठेवा, आधी रंगतज्ज्ञाला दाखवा. शिशाच्या आणि पाऱ्याच्या काही रंगद्रव्यांतही असे बदल नोंदले गेलेत.

आता पेटी. ती फ्रीझरमध्ये मावत नाही. रंग, जडावकाम, वार्निशचा जाड थर यांपैकी काही नसेल तर मी उष्णता सुचवेन. गाभ्यात ५५ अंश आले आणि तासभर टिकले की अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत कुठलीही अवस्था वाचत नाही. थंडी किंवा नायट्रोजन इतक्या कमी वेळात काम करत नाही. कॅनेडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटच्या टॉम स्ट्रँग यांनी यासाठी सूर्याचाच उपयोग दाखवून दिला. वस्तू कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायची, ती काळ्या आवरणात घालायची, खाली उष्णता रोखणारी पाटी आणि वर पारदर्शक पॉलिथिनचा तंबू. ओलाव्याचा मघाचा हिशोब इथेही लागू होतो. बंद पिशवीत लाकूड सुकत नाही, म्हणून तडकत नाही. पिशवीविना तापवलेली पेटी मात्र तासाभरात सांध्यांतून उघडलेली मी पाहिली आहे. दोन प्रोब लावा, एक सर्वांत जाड जोडाच्या आत, एक पृष्ठभागावर. आतला ५५ ला पोचेपर्यंत बाहेरचा ६० च्या पलीकडे जायला लागला तर सावली करा. जुनं कातडं, मेण, राळ, छायाचित्रं, प्राण्यांचे नमुने यांना ही पद्धत कधीही लावू नका. जीर्ण कातडं आपल्याला वाटतं त्याहून फार कमी तापमानाला आकसतं आणि ते परत उलगडत नाही. पेटीवर पूर्वी विषारी द्रव्य मारल्याची शंका असेल तरीही उष्णता नको, वाफ तुमच्याच श्वासात येईल.

पेटी रंगवलेली निघाली तर ऑक्सिजन रोखणाऱ्या फिल्मचा मोठा तंबू करून त्यातली हवा नायट्रोजनने बाहेर ढकलावी लागेल. एवढ्या आकाराला पुड्या परवडत नाहीत. सिलिंडरमधला नायट्रोजन पूर्ण कोरडा असतो. तो पाण्यातून नेऊन हवा तेवढा दमट केल्याशिवाय आत सोडला तर कीड मरेल आणि रंगही सुटेल. आणि हे काम बंद खोलीत एकट्याने कधीही करू नका. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. हवेतला ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की वाजणारं अलार्म मीटर कमरेला हवंच. मीटर नसेल तर हे काम अनुभवी संवर्धकाकडे सोपवा.

बाकीच्या पद्धती तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेल. ६० टक्के कार्बन डायऑक्साइडचा तंबू कीड मारतो, पण तो वायू स्वतः परिणाम करतो, ओल असेल तर आम्ल बनतं आणि अनेक ठिकाणी त्याची गणना कीटकनाशकांतच होते. गॅमा किरणांनी १९७७ मध्ये फ्रान्समध्ये दुसऱ्या रामसेसची ममी बुरशीमुक्त केली, हे खरं. ते मोठ्या केंद्रांचं काम आहे आणि जास्त मात्रेत कागद, कापडाचे तंतू कमजोर होतात. काही संग्रहालयं किडीच्या अंड्यांवर, अळ्यांवर वाढणाऱ्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या सोडतात. कोठारात त्यांचा चांगला उपयोग होतो, एका वस्तूच्या उपचाराला नाही. मायक्रोवेव्हचा सल्ला मात्र कुणी दिला तर ऐकू नका. टाचणी, जर, रंगातला धातू ठिणगी टाकतो आणि कागद क्षणात करपतो.

उपचार संपल्यावर या कुठल्याही पद्धतीचा अंश वस्तूवर राहत नाही. हेच आपल्याला हवं होतं, आणि म्हणूनच वस्तू दुसऱ्या दिवशी पुन्हा किडू शकते. पिशवी उघडून प्रत्येक घडी सौम्य व्हॅक्यूमने साफ करा. नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा म्हणजे सुटा धागा किंवा पीस खेचलं जाणार नाही. मेलेल्या अळ्या आणि काती मागे ठेवल्या तर नव्या गालिचा-भुंगेऱ्यांना तेच खाद्य होतं. शिवाय पुढच्या वर्षी काती दिसल्या तर त्या जुन्या की नव्या हे कळणार नाही. लाकडातली जुनी छिद्रं पुसटशा मेणाने बुजवली, किंवा निदान प्रत्येकाचा फोटो काढून मोजून ठेवली, तर नवं छिद्र लगेच उठून दिसतं.

मग कोठीकडे बघा, कारण कीड पेटीत आपोआप जन्मली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर छोटे, ठिपकेदार गोल भुंगेरे मरून पडलेले आहेत का? गालिचा-भुंगेऱ्याचे प्रौढ परागकण खातात, उजेडाकडे जातात, म्हणून त्यांची पहिली खबर खिडकीत मिळते. छपराजवळ पक्ष्यांची किंवा गांधीलमाश्यांची घरटी, कपाटामागे साचलेली धूळ आणि केस, जमिनीच्या फटी, हे त्यांचे कायमचे पत्ते. भिंतीलगत कोपऱ्यांत चिकट सापळे ठेवा, प्रत्येकाला क्रमांक द्या आणि महिन्यातून एकदा काय, किती, कुठे सापडलं ते वहीत लिहा. सापळ्याने कीड संपत नाही, ती कुठल्या कोपऱ्यातून येते ते कळतं. नवी आलेली किंवा प्रदर्शनातून परतलेली प्रत्येक वस्तू आधी पिशवीत, वेगळ्या खोलीत.

तुमची वस्त्रं आणि शिरोभूषण सफाईनंतर स्वच्छ पिशव्यांत किंवा घट्ट झाकणाच्या पेट्यांतच परत ठेवा, कोरीव पेटीत नको. पेटी रिकामी, काळ्या कागदावर, भिंतीपासून हातभर दूर. लाकडातून भुंगेरे बाहेर पडण्याचा मोसम ऊन तापू लागतं तेव्हा असतो, म्हणून तो एक पूर्ण मोसम जाईपर्यंत कागद तसाच राहू द्या. त्या काळात नवा ढीग उठला तर कागदासकट त्याचा फोटो, भुग्याची चिमूट छोट्या डबीत आणि प्रोबच्या नोंदी घेऊन मला पुन्हा लिहा. गाभ्याचं तापमान कुठे कमी पडलं ते त्या नोंदींत सापडेल.